रात्रीची जागल: दाराला कडी, खिडकीला ग्रिल, तरी कान टवकारलेलेच

उंबरठा | मंगळवार, पहाटे ३:१२

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले कारण झोप नाहीच येत.

जानेवारीत आमच्याकडे चोरी झाली. पुण्यात राहतो, पहिला मजला, मागच्या बाजूला बाल्कनी. नवऱ्याची चाकणला रात्रपाळी होती. घरात मी आणि लेक (वय ११). स्लायडिंगची खिडकी उचलून आत आले आणि माझी पर्स, दोन फोन, टेबलावर काढून ठेवलेलं मंगळसूत्र घेऊन गेले. आम्हाला पत्ता नाही. सकाळी उठले तर लेकीच्या पलंगाशेजारी बुटाचा ठसा. मागच्या बागेतली ओली माती. एकच ठसा, पण पूर्ण, टाचेपासून चवड्यापर्यंत. पंचनामा झाल्यावर फरशी मीच पुसली.

ग्रिल बसवलं, कुलूप बदललं, कॅमेरा लावला. आठ महिने झाले. तरी रात्री साडेदहाला कडी बघते, अकराला पुन्हा, मग दीड, मग तीन. वरच्या कडीवर स्टीलची ताटली टेकवून ठेवते, कुणी दार हलवलं तर पडेल म्हणून. मागच्या आठवड्यात दूधवाल्याने पिशवी अडकवताना दार हललं, ताटली पडली आणि पहाटे साडेपाचला अख्खा मजला जागा झाला. लिफ्ट थांबली की पावलं मोजते. नवरा घरी असतो त्या आठवड्यातही हेच. तो घोरतो आणि मी त्याच्या घोरण्याच्या पलीकडचं ऐकायला बघते.

आता तर भीतीपेक्षा मला झोपेचाच राग येतो. तो माणूस माझ्या लेकीपासून हातभर अंतरावर उभा होता आणि मी ढाराढूर झोपले होते.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. 'मन कुठेतरी रमव' हे सोडून काहीही चालेल.

लिंबूटिंबू | पहाटे ३:२६

मीही जागाच, म्हणून पहिला प्रतिसाद माझा. कॅमेऱ्याबद्दल सावध करतो. आमच्याकडे काही घडलं नव्हतं, शेजारी घडलं म्हणून लावला. काही हललं की फोन वाजतो. मांजर गेलं, वाजला. पावसाची झड आली, वाजला. कुंडीतलं आळूचं पान हललं, वाजला. तीन महिने मी आळूच्या पानाची राखण केली. शेवटी रात्री अकरा ते सहा सूचना बंद केल्या. रेकॉर्डिंग चालूच असतं, सकाळी हवं तर बघावं. बघत नाही.

तुळशीपाशी | सकाळी ५:५०

उंबरठा, झोपताना दिवा लावून स्तोत्र म्हणत जा. आणि घराची एकदा शांत करून घ्या. आमच्या नात्यात फरक पडलाय.

कोरडा_विनोद | सकाळी ६:१५

आले. आता लिंबू-मिरचीही सांगा.

हवालदारकाका | सकाळी ६:४०

भांडू नका, मुलीचा प्रश्न गंभीर आहे. मी ३१ वर्षं खात्यात काढली, आता निवृत्त. उंबरठाताई, एक सांगतो, पटलं तर घ्या. घरफोडीत चोराला ऐवज घेऊन निघून जायचं असतं. घरातलं कुणी जागं झालं आणि समोर आलं की तोही घाबरतो, आणि मग हातात असेल ते चालवतो. मी गेलेल्या ज्या घरांत माणसं जखमी झाली, तिथे बहुतेक वेळा कुणाला तरी जाग आली होती. तुम्ही झोपलेल्या होतात म्हणून पर्स गेली आणि गोष्ट पर्सवर थांबली. त्या झोपेला बोल लावू नका.

पहिल्या मजल्याला स्लायडिंग असेल तर ट्रॅकमध्ये आतून लाकडी दांडी आडवी टाका आणि वरच्या पट्टीत स्क्रू मारा म्हणजे फ्रेम उचलता येत नाही. ग्रिल केलंत ते उत्तम, पण एक भाग आतून कुलपाने उघडणारा ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. ताटलीची गरज नाही. ११२ नंबर लेकीलाही पाठ करून द्या.

उंबरठा | सकाळी ९:०५

काका, हे वाचून बसमध्ये रडले. हे कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाई तर अजून म्हणतात, 'एवढी कशी गाढ झोपलीस गं?'

सुंठवडा | दुपारी २:२०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, करूही नये. पण यंत्रणा कशी चालते ते सांगतो.

झोपेत कान बंद होत नाहीत. ट्रकचा हॉर्न वाजला तरी न उठणारी आई तान्ह्या बाळाच्या कुरकुरीने उठते. आपलं नाव कुणी घेतलं तर इतर शब्दांपेक्षा लवकर जाग येते. म्हणजे काय ऐकायचं आणि काय सोडायचं याची निवड मेंदू झोपेतही करतो. मोठा धक्का बसला की ही चाळणी फार बारीक होते आणि सगळंच अडकायला लागतं. अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो, नॉरॲड्रेनालिन हे अंगाला सावध करणारं रसायन वाढतं, छाती धडधडते. धडधड जाणवली की वाटतं, नक्कीच काहीतरी असणार. मग आपण उठतो, कडी बघतो, ती लागलेली असते, हुश्श होतं. या हुश्शमध्येच गोम आहे. 'काही झालं नाही, कारण मी उठून बघितलं' असा हिशेब मेंदू मांडून ठेवतो. पुढच्या रात्री तो तुम्हाला परत उठवणारच.

दुसरं. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत येते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी सगळ्यांनाच पुसटशी जाग येते. एरवी आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. तुमची दीड आणि तीनची वेळ कुणाच्या चाहुलीची असेल असं नाही, ती त्या फेरीची असण्याची शक्यता जास्त.

उपायांवर रात्री लिहितो. ओपीडी आहे.

मेपलची पानं | संध्याकाळी ६:१०

न्यू जर्सीहून. इथली घरं लाकडी. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री आकसतं आणि जिना आपोआप कुरकुरतो, अगदी कुणी पायरी चढावं तसा. दादरच्या चाळीत वाढले, तिथे रात्रभर कुणीतरी खोकत असायचं म्हणून छान झोप लागायची. इथल्या शांततेनेच झोप उडवली.

सुंठवडांच्या मुद्द्याला जोड: नव्या जागी पहिल्या रात्री झोप का लागत नाही यावर ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास आहे. पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आवाजांना जास्त दाद देतो. अर्धा मेंदू पहाऱ्यावर! वाचलं तेव्हा मला बरंच बरं वाटलं होतं, आपणच वेडे नाही म्हणून.

टिनशेड | रात्री ९:३५

आमचं गाव किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३:५६. गणपती बुडवून माणसं नुकती निजली होती. मी सात वर्षांचा. आमच्या भिंती दोन-दोन हात जाडीच्या, दगड आणि माती. त्याच अंगावर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यात माझी आजी आणि धाकटी बहीण.

लोकांना माहीत नसतं ते सांगतो. आदल्या वर्षी ऑगस्टपासून आमच्याकडं जमीन गुरगुरत होती. बारीक बारीक धक्के कितीतरी झाले. काही माणसं तेव्हा बाहेर निजली. मग काही होईना म्हणून घरात आली. त्यामुळं आमच्याकडं 'काही होत नाही, झोपा' हे वाक्य कुणाला सांगता येत नाही. एकदा ऐकलं होतं आम्ही.

नंतर पत्र्याच्या शेडमधे राहिलो. पुढं पक्की घरं मिळाली, तर वडलांनी त्यात धान्य ठेवलं आणि आम्ही अंगणात पत्र्याखाली निजलो. पाऊस आला तरी आत नाही. वडील दाराकडं पाय करून, चप्पल घालून निजायचे. चप्पल घालून! हे सहा-सात वर्षं चाललं. कुणी त्यांना समजावलं नाही, गावात सगळेच तसे होते. मग एकदा दुपारी जेवून ते नव्या घरात भिंतीला टेकले आणि तिथंच डोळा लागला. तासभर निजले. दुसऱ्या दिवशी आई मुद्दाम तिथंच पाट मांडायला लागली. दुपारची झोप आधी घरात आली, रात्रीची लई नंतर.

मला अजून ट्रक गेला आणि भांडी हलली की पहिली नजर पंख्यावर जाते, हलतोय का. मुलं हसतात.

सुंठवडा | रात्री ११:०५

टिनशेड, तुमच्या आईने जे केलं त्याला आम्ही टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं म्हणतो आणि त्याची फी घेतो.

तर उंबरठा. एक: रात्रीची फेरी एकच, ठरलेल्या वेळी. कडी, गॅस, ग्रिल. हात लावून, मोठ्याने 'लागली' असं म्हणून. अर्ध्या झोपेत केलेलं आठवत नाही म्हणून पुन्हा उठावं लागतं, मोठ्याने म्हटलेलं आठवतं. त्यानंतर उठावंसं वाटलं तर आधी दहा मिनिटं थांबायचं. पहिले काही दिवस फार जड जातात. पुढे ती ओढ थोडी ओसरलेली दिसते, आणि ती न उठता ओसरते हे मेंदूला दिसणं महत्त्वाचं.

दोन: वीसेक मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. बाहेर खुर्चीत बसा, मंद दिवा, कंटाळवाणं काहीतरी वाचा, डोळे जड झाले की परत या. अंथरूण म्हणजे पहाऱ्याची जागा असं समीकरण झालंय ते मोडायचं आहे. रिचर्ड बूटझिन यांनी ही पद्धत १९७२ साली मांडली, निद्रानाशाच्या उपचारात आजही ती पायाची समजली जाते. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

तीन: गोळ्या. शेजारणीची अर्धी गोळी घेऊ नका. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन यादीत आहेत, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि नोंद ठेवायची. सवय लागते, आणि रोज घेत असाल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्रीची झोप फाटते. चहातलं कॅफिन पाच तासांनी निम्मंच उतरलेलं असतं.

चार: मोठं घोरणं, गुदमरून जाग येणं, थायरॉइड, साखर हे तपासून घ्या. काही जणांना कुठलंही स्वप्न नसताना गाढ झोपेतून थेट घबराटीचा झटका येतो, त्याचा इलाज वेगळा असतो.

घटनेला महिना उलटून गेल्यावरही तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, माणूस त्या खोलीत जाणं टाळत असेल, तर प्रत्यक्ष दाखवावं. तुम्हाला आठ महिने झालेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते.

धुऱ्यावरून | रात्री ११:५०

यवतमाळकडचा शेतकरी हावो मी. आमच्याकडे रानडुकरं अन् रोही, म्हंजे नीलगाई. पीक हाताशी आलं का रात्री जागलीले जा लागते. मचाणावर बसून डबा बडवाचा, बॅटरी मारायची, आवाज द्यायचा. ताई, तुमची ताटली वाचून मले आमचा डबा आठवला.

पण जागलीचा एक कायदा आहे. एकटा माणूस रातभर जागत नाही. दोघं-तिघं जातो, पाळी लावतो. ज्याची पाळी संपली त्यानं घोंगडं डोक्यावरून घ्याचं अन् झोपाचं. त्यानं मधातच उठून 'काय वाजलं बे?' असं इचारलं तर बाकीचे शिव्या देतात. काऊन का दोघंही अर्धे जागे राहिले तर पहाटच्या पाळीले दोघंही पेंगतात अन् डुकरं तेव्हाच शिरतात.

तुमच्या घरात ग्रिल आहे, कुलूप आहे, खाली वॉचमन असन. त्याईची पाळी आहे ना?

उंबरठा | बुधवार, रात्री १२:१५

'काय वाजलं बे?' हसू आलं खूप दिवसांनी. पण आत्ताच एक झालं ते लिहिते. पाणी प्यायला उठले तर लेक अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली. म्हटलं, झोपली नाहीस? तर म्हणाली, 'तू चार वेळा बघितलंस की मग मी झोपते. आज तीनच झालेत.'

ती मोजते. मला वाटत होतं मी तिची राखण करतेय.

मेपलची पानं | रात्री १२:३१

अगं बाई.

नाव नको | रात्री १:०५

नवा आयडी काढून लिहितेय. मला बाहेरच्या कुणाची भीती नाही. मी ज्याच्या चाहुलीला जागी राहते त्याच्याकडे घराची किल्ली आहे. एकच फेरी, दहा मिनिटं थांबा वगैरे वाचलं. मला ते लागू होतं का?

जिन्याखाली | रात्री १:२०

नाही लागू होत. माझे वडील प्यायचे. मला स्कूटरच्या स्टँडवरून कळायचं. एका झटक्यात स्टँड लागला तर रात्र बरी. दोनदा घसरला तर आई उठून धाकट्याला माझ्या पांघरुणात सरकवायची. तो आवाज ऐकायला जागं राहणं हा काही आजार नव्हता, गरज होती. आज वडील नाहीत, मी ४४ चा आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या पोराने बाइक लावली तरी श्वास धरतो. ते माझं आत्ताचं, त्यावर इलाज चालू आहे. तुमचं वेगळं आहे. आधी स्वतःला सुरक्षित करा.

सुंठवडा | सकाळी ७:००

जिन्याखाली यांच्याशी शंभर टक्के सहमत. वरचं सगळं धोका टळून गेल्यावरचं आहे. धोका घरातच असेल तर कान जागे आहेत ते बरोबरच आहेत, त्यांना झोपवायला जाऊ नका.

हवालदारकाका | सकाळी ७:१५

नाव नको ताई, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. घरात मूल असेल तर १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच्यामार्फत अर्ज करता येतो. तुम्हाला घराबाहेर काढू नये असाही आदेश कोर्ट देऊ शकतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. कागदपत्रं, थोडे पैसे आणि कपडे विश्वासातल्या कुणाकडे आधीच ठेवा. आणि हा धागा ज्या फोनवर वाचताय त्यातली नोंद पुसत जा.

नाव नको | सकाळी ७:४०

वाचलं. बहिणीकडे पिशवी ठेवून येते आज.

तुळशीपाशी | सकाळी ८:१०

माझ्या पहिल्या प्रतिसादावर हसलात, हसा. पण स्तोत्र म्हणताना एका श्वासात एक ओळ जाते, श्वास लांब सुटतो. माझं मन त्यानेच निवतं. नाव नको, तुझी बहीण ज्या गावात आहे तिथे कुणी लागलं तर मला विपु (इथला निरोप) कर. माझी माणसं सगळीकडे आहेत.

कोरडा_विनोद | सकाळी ८:२५

तुळशीपाशी, माफी. श्वास लांब सोडण्याचं माझ्या समुपदेशकाने आठशे रुपये घेऊन सांगितलं होतं.

लिंबूटिंबू | दुपारी १:००

उंबरठा, लेकीसाठी एक सुचवतो. आवाजांना नावं द्या. आमच्याकडे रात्री टक-टक व्हायची, तो गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक निघाला. पावणेचारची घरघर म्हणजे पाण्याची मोटर. लिफ्टच्या खोलीतून खट्ट येतो तो रिले. ज्याचं नाव कळलं त्याने नंतर उठवलं नाही.

सुंठवडा | दुपारी ३:४५

चांगलं आहे, पण दिवसा करा आणि एकदाच. रात्री वही घेऊन आवाज टिपत बसलात तर तीही ताटलीच.

उंबरठा | साडेसात आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

धागा वर काढतेय. विचारपूस करणाऱ्यांच्या विपुंना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल सॉरी.

लिंबूटिंबूंचं त्याच रविवारी केलं. लेकीने वही आखली. गच्चीवर गेलो, वॉचमनदादांनी मोटर चालू करून दाखवली, बॉलकॉक हाताने खाली-वर करून बघितला. फ्रिज बंद होताना जो धक्का देतो त्याला लेकीने 'आजोबांची उचकी' नाव दिलंय. बावीस आवाज झाले. वही मिटली ती मिटली.

फेरी साडेदहाला, दोघी मिळून. 'लागली' ती म्हणते, मी नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चोरून उठले, एकदा पकडले गेले. तिने अंथरुणातूनच विचारलं, 'काय वाजलं बे?' (धुऱ्यावरून दादा, हे आमच्या घरात आता कायमचं झालंय.)

जिल्हा रुग्णालयात दाखवलं. दर पंधरा दिवसांनी जाते. तिथल्या मॅडमनी तो ठसा कागदावर काढायला लावला. पहिल्यांदा हात थरथरला, मग बुटाचा नंबर किती असेल यावर आमची चर्चा झाली. दिवाळीत मात्र सगळं बोंबललं. फटाक्यांनी तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, ताटली परत कडीवर गेली. भाऊबिजेला माहेरी गेले आणि आईकडे दुपारी बारा ते पाच झोपले, पाच तास. टिनशेड, तुमच्या वडिलांची आठवण झाली.

सध्या आठवड्यातून दोन-तीन रात्री तीनला जाग येते. खुर्चीत जाऊन बसते. सोसायटीची नियमावली वाचते, त्याहून कंटाळवाणं काही सापडलं नाही.

टिनशेड | संध्याकाळी ५:२०

वडलांना वाचून दाखवलं. म्हणाले, पोरीला सांग, फटाक्याला आम्हीपण बाहेर येतो अजून.

हवालदारकाका | संध्याकाळी ६:००

स्लायडिंगमध्ये दांडी टाकली का?

उंबरठा | संध्याकाळी ६:१०

टाकली काका. झाडूचा जुना दांडा कापून.

मेपलची पानं | संध्याकाळी ७:००

नाव नको यांचं काही कळलं का?

तुळशीपाशी | रात्री ८:१५

कळलंय. बहिणीकडे आहे, मुलगा तिथल्या शाळेत जातो. जास्त लिहीत नाही.

धुऱ्यावरून | रात्री ९:४०

सोयाबीन निघालं, हरभरा पेरला. कोवळ्या हरभऱ्यावर रोही पडतात म्हणून आमची जागल उद्यापासून पुन्हा. पहिली पाळी भावाची आहे, त्याले आताच सांगून ठेवलं का मले उठवाचं नाही. फोनही बंद राहीन, कोणी विपु करू नका.